टाचेवरचे चार ठोके

छोट्या घरात राहायला आल्यापासून वेर्नर हाबेगर बायकोच्या तोंडाकडे बघत नव्हता. भांडत नव्हता, आवाज चढवत नव्हता, जेवताना ताट सरकवत नव्हता. भांडला असता तर बेथलीनं चार शब्द सुनावून विषय संपवला असता. एकावन्न वर्षांच्या संसारात ती कला तिला चांगलीच साधली होती. पण हा गडी बोलायचा गोड आणि बघायचा तिच्या डाव्या कानाच्या पलीकडे. जसा काही तिच्या मागे खिडकीत पाहुणा येऊन उभा आहे.

कारण तिला ठाऊक होतं. निदान तिला तसं वाटत होतं. मुलानं शेत हातात घेतलं की म्हाताऱ्यांनी मोठं घर सोडायचं आणि अंगणापलीकडच्या छोट्या घरात जायचं, ही ओबरमाट गावची रीत. वेर्नरच्या बापानं पाळली, आज्यानं पाळली. वेर्नर मात्र "पुढच्या वर्षी बघू" म्हणत सात वर्षं टाळत आला होता. शेवटी डिसेंबरात बेथलीनंच पाय आपटला. म्हणाली, "माझ्या गुडघ्यांना आता जिना झेपत नाही. मी चालले. तुला यायचं तर ये, नाहीतर बस गाईंशी गप्पा मारत." आणि हा बाबा मुकाट्यानं आला! जो माणूस साधा चमचा बदलला तरी आठवडाभर कुरकुर करतो तो हूं की चूं न करता आला, तेव्हाच तिनं ओळखायला हवं होतं की इथं पाणी मुरतंय.

त्यानंतर त्याचं सगळंच बिनसलं. पेपर वाचायचा सोडला; म्हणे त्यात हल्ली काही नसतं. कॉफी ओतताना अर्धी बशीत सांडायचा आणि खापर नव्या कपांवर फोडायचा. गाडी चालवायची तर सोडूनच दिली. सुनेला, रेगुलाला, बोलावून मागच्या सीटवर बसायचा. बायकोशेजारी बसायला नको म्हणून, दुसरं काय! बेथली मनातल्या मनात जळत होती आणि वरून बटाटे सोलत होती.

मे महिन्याच्या शेवटच्या रविवारी नेमबाजीचा मेळा होता. त्या दिवसांत देशभर गावोगावच्या रेंजवर माणसं पालथी झोपून तीनशे मीटरवरच्या निशाणावर अठरा गोळ्या मारतात. पाद्रीबुवांपासून शाळेच्या शिपायापर्यंत सगळे. ज्याचे गुण पुरेसे होतील त्याला बोटाच्या पेराएवढा बिल्ला मिळतो. वेर्नरकडे असे एकोणसाठ होते. अठराव्या वर्षापासून एकही साल चुकलं नव्हतं. लग्नाच्या वर्षी नाही, बाप गेला त्या वर्षी नाही, फासळी मोडली होती त्या वर्षीही नाही. त्यानं स्वतःच्या हातानं अक्रोडाच्या लाकडाची चौकट केली होती. सहा ओळी, ओळीत दहा. शेवटचा एक गाळा रिकामा. छोट्या घरात आल्यावर भिंतीत पहिला खिळा ठोकला गेला तो त्या चौकटीसाठी. लग्नाचा फोटो तीन आठवडे कपाटावर पडून होता, हेही बेथलीनं लक्षात ठेवलं होतं.

त्या सकाळी तिनं आईचे लाल खड्यांचे झुमके घातले. पंच्याहत्तराव्या वर्षी असले चाळे करायची तिला स्वतःचीच लाज वाटली. पण म्हटलं, बघू तरी.

वेर्नर आला, टोपी डोक्यावर ठेवली आणि म्हणाला, "झुमके छान आहेत."

"झुमके दिसले वाटतं," ती म्हणाली. "त्यांच्या मधे एक बाईपण आहे हो."

तो हसला, पण बघत राहिला झुमक्याकडेच. तिनं बटाट्याच्या सॅलडचं पातेलं असं काही उचललं की झाकण वाजलं.

गाडीत रेगुला पुढे, शेजारी मांडीवर पातेलं घेऊन बेथली, मागे वेर्नर आणि नात नोएमी. वेणी घातलेले दोन पाव, मोहरीची बाटली आणि दोन रायफली असा सगळा संसार मधे कोंबलेला. मुलगा बेआत पहाटेच पुढे गेला होता. ओबरमाटच्या रेंजवर अजून यंत्रं आलेली नव्हती. निशाणांच्या खाली खंदकात माणसं बसायची आणि गोळी कुठं लागली ते लांब काठीवरची थाळी वर करून दाखवायची. यंदा तीन आणि चार नंबरच्या निशाणांखाली बेआत बसणार होता.

नोएमी पंधरा वर्षांची. यंदा पहिल्यांदाच मेळ्यात उतरणार होती, आणि हट्ट धरून तिनं आजोबांच्या शेजारची जागा मागून घेतली होती.

"आजोबा, मला शून्य मिळालं तर?"

"तर तुझा बाप खंदकातून लाल झेंडा हलवील आणि सगळ्या गावाला कळेल. आणखी काही होत नाही."

"तुला मिळालंय कधी?"

"तीनदा. आजीला विचार. तिला तारखा पाठ आहेत. माझ्या चुका तिला सगळ्या पाठ असतात."

"सगळ्या नाही," बेथली मागे न बघता म्हणाली. "काही अजून कळायच्या आहेत."

रेगुलानं आरशातून सासऱ्याकडे पाहिलं आणि निमूट गाडी वळवली.

रेंजच्या लाकडी छपराखाली पंधरावीस माणसं होती. मागच्या अंगणात शेगडीवर सॉसेज तडतडत होते आणि मंडळाचा अध्यक्ष ऊर्स यादी हातात घेऊन ज्याला त्याला हाका मारत होता. ऊर्स पन्नाशीचा, ढेरपोट्या, कोंबडीसारखा लगबग्या. त्याला नेम धरायला शिकवला होता वेर्नरनंच. गावातल्या अर्ध्या लोकांना त्यानंच शिकवला होता.

"आला आमचा साठावा!" ऊर्स ओरडला. "वेर्नर, भाषण लिहून ठेवलंय मी. दोन पानांचं. चुकलास तर माझी मेहनत वाया जाईल, सांगून ठेवतो."

"मग मुद्दामच चुकतो," वेर्नर म्हणाला. सगळे हसले.

तीन नंबरच्या जागेवर वेर्नर पालथा झोपला, चार नंबरवर नोएमी. नोएमीचे गुण लिहायला ऊर्स स्वतः बसला. वेर्नरचे गुण लिहायला अर्थातच बेथली. पन्नास वर्षं ते काम तिचं होतं. तो झोपायचा, ती त्याच्या पायांशी छोट्या बाकावर बसायची, डोळ्याला दुर्बीण, मांडीवर चिठ्ठी. कानांवर झाकणं असली की बोललेलं काही कळत नाही, म्हणून लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी दोघांनी एक खूण ठरवली होती. जितके गुण, तितके ठोके पेन्सिलीनं त्याच्या बुटाच्या टाचेवर. चार म्हणजे पैकीच्या पैकी. आणि शून्य आलं तर ठोका नाही, टाचेवर नुसता हात ठेवायचा. ती खूण तिनं तीनदाच वापरली होती आणि तिन्ही वेळा दिवसभर तिचा तळहात जड राहिला होता.

पहिली गोळी. दूर हिरव्या उतारावर थाळी वर आली आणि गोल फिरली. चार! बेथलीनं चार ठोके दिले. तिच्या मनात आलं, दिवसभरात हीच एक भाषा आमच्यात उरलीय, टाच आणि पेन्सिल. दुसरी गोळी, तीन. तिसरीला त्यानं फार वेळ घेतला. मान इकडे कर, तिकडे कर, गाल लाकडावरून उचल, पुन्हा टेक. असलं त्याचं कधी नव्हतं. झोपला की दगडासारखा, हीच तर त्याची ख्याती. तिसरीला दोन आले.

शेजारी नोएमी आपली संथपणे मारत होती. आजोबा आणि नातीची चौथी गोळी जवळजवळ एकदमच सुटली.

बेथलीनं दुर्बिणीतून तीन नंबरकडे बघितलं. थाळी येईना. मग खालून लाल झेंडा वर आला आणि सावकाश डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे हलला. मुलगा बापाला शून्य दाखवत होता, आणि त्याचा हात किती जड झालाय ते तीनशे मीटरवरून दिसत होतं.

तिची पेन्सिल हवेतच राहिली. एक क्षण, खोटं कशाला बोला, तिला वाटलं, ठोकावेत दोन. कागदावरही दोनच लिहावेत. कोण विचारतंय? बेआत काही आईला खोटं पाडायचा नाही. म्हाताऱ्याची चौकट भरेल, मन निवळेल, राग जाईल आणि कदाचित संध्याकाळी तो तिच्या तोंडाकडे बघेल. दोन ठोक्यांत नवरा परत मिळत असेल तर काय महाग आहे?

पण पन्नास वर्षं त्या टाचेला तिनं खरं तेच सांगितलं होतं. बाकी संसारात थोडं इकडचं तिकडं चालतं, कुणाचं चालत नाही! या टाचेवर नाही. तिनं पेन्सिल खाली ठेवली आणि त्याच्या बुटावर हात ठेवला.

त्याचा पाय एकदम गार पडल्यासारखा स्थिर झाला.

तेवढ्यात ऊर्सच्या कानाशी खंदकाला जोडलेला फोन वाजला. ऊर्सनं ऐकलं, गोंधळला आणि हात वर करून दोन्ही जागा थांबवल्या. सगळ्यांनी कानांवरची झाकणं काढली.

"बेआत म्हणतोय तीनवर भोकच नाही. आणि चारवर दोन आहेत. एक चार गुणांचं, दुसरं एका गुणाचं."

"चारचं माझं नाही," नोएमी लगेच म्हणाली. तिचे कान लाल झाले होते. "मी खटका ओढताना झटका दिला. मला कळलं होतं तेव्हाच. माझं ते एकचं. चारचं आजोबांचं आहे."

"भोकांवर नावं लिहिलेली नसतात, पोरी. कुठलं कुणाचं ते कळत नसेल तर ज्याचं निशाण त्याला जास्तीचं धरायचं. नियम आहे." ऊर्सनं तिच्या चिठ्ठीवर चार लिहिलं आणि वेर्नरकडे वळला. "दुसऱ्याच्या निशाणावर मारायला तू काय काल आलेला पोरगा आहेस? बरं, होतं कधीकधी. अजून चौदा गोळ्या आहेत. चल, लाग कामाला."

वेर्नर कोपरावर उठला. "बेथली, कुठं गेली?"

"नोएमीच्या निशाणावर."

मग त्यानं रायफल उघडली, काडतुसं काढून चटईवर एकेक करून मांडली, काडतुसाच्या रिकाम्या खोबणीत बोट घालून खात्री केली आणि रायफल तोंड पुढे करून खाली ठेवली. सगळं हातानं चाचपत. बेथली बघत होती. ते चाचपणं तिनं छोट्या घरात सहा महिने रोज पाहिलं होतं, पण तिला ते आत्ता दिसलं.

"ऊर्स, मी थांबतो."

"अरे पण वेर्नर, एका शून्यानं काय होतंय! अजून सहज जमेल. भाषण..."

"या छपराखाली तुला पहिला धडा कुणी दिला?"

"तू."

"काय दिला?"

ऊर्सनं टोपी काढली. शाळेतल्यासारखा म्हणाला, "कुठं मारतोय ते दिसत नसेल तर बोट खटक्याच्या बाहेर."

"मग झालं तर. मला निशाण दिसत नाही. निशाणांचे नंबर दिसत नाहीत. शेजारी माझी नात झोपलीय आणि मी अंदाजानं गोळ्या मारतोय. शरम वाटते मला. सकाळीच घरी राहायला हवं होतं."

नोएमीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं.

"ए रडूबाई," वेर्नर म्हणाला, "रडत रडत नेम धरता येत नाही. माझ्याकडे बघ, मी नुसता डोळ्यांनी अधू झालो तर ही दशा. तुझ्या चौदा राहिल्यात. पूस डोळे आणि मार."

तिनं बाहीनं नाक पुसलं आणि ती पुन्हा पालथी झोपली.

बेथली नवऱ्याच्या दंडाला धरून मागच्या अंगणात घेऊन गेली. दगडी हौदाच्या कडेला त्याला बसवलं आणि समोर कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"कधीपासून?"

"नोव्हेंबर."

"डॉक्टर?"

"बर्नला गेलो होतो. बेआतला घेऊन."

"टायर बदलायला गेला होतात तेव्हा?"

"टायरपण बदलले. खोटं नाही बोललो."

"वा रे हरिश्चंद्रा! म्हणजे बेआतला माहीत. रेगुलाला?"

"रेगुला गाडी चालवते. तिला सांगावंच लागलं."

"सगळ्या घराला ठाऊक आणि बायको तेवढी येडी! मी सहा महिने झुरतेय, वेर्नर. मला वाटलं तू रागावलायस. मोठ्या घरातून ओढून आणलं म्हणून. मला वाटलं आता या वयात माझा चेहरा तुला नकोसा झाला."

वेर्नर खरोखरच गोंधळला. "मोठ्या घराचा राग? अगं, मला तर सुटल्यासारखं झालं. तिथं अकरा खोल्या, तीन जिने. इथं चार खोल्या आणि दोन पायऱ्या. पाठ करायला सोपं. तू पाय आपटलास तेव्हा म्हटलं, देवच पावला, मला तोंड उघडावं लागलं नाही."

"मग माझ्याकडे का बघत नाहीस?"

"बघतोच तर!" तो म्हणाला. "दुसरं करतो काय दिवसभर? सरळ बघितलं की मधे राखाडी डाग येतो. जिथं बघीन नेमकं तिथंच. तुझ्या तोंडाकडे बघितलं की तोंडच नाहीसं होतं. कडेला बघितलं तर डाग कडेला सरकतो आणि तू दिसतेस. म्हणून तुझ्या कानाकडे बघतो. कान दिसत नाही त्या वेळी, तू दिसतेस."

बेथलीच्या हातात अजून पेन्सिल होती. ती तिनं उगाच केसांत खोचली, पुन्हा काढली.

"आणि सकाळी झुमके?"

"ते तू दाराकडे वळलीस तेव्हा चमकले. तू लाल काहीतरी घातलंयस एवढं कळलं. तुझ्या आईचेच ना?"

"मला सांगितलं का नाहीस, मेल्या?" ती त्याच्या शेजारी हौदावर बसली आणि त्याच्या खांद्यावर डोकं टेकून रडली. एवढी हमसून की शेगडीवरचा माणूस सॉसेज उलटायचं विसरला.

"सांगितलं असतं तर तू मला येऊ दिलं नसतंस," वेर्नर म्हणाला. "आणि येऊ दिलं असतंस तर दया आली असती तुला. शून्याला दोन ठोकले असतेस."

"नसते ठोकले."

"बेथली."

"पेन्सिल उचलली होती," ती म्हणाली. "डोळ्यांचं माहीत नसतानाही. खोटं कशाला बोलू."

"पण हात ठेवलास."

"ठेवला."

"बरं झालं," तो म्हणाला. "तू ठोकले असतेस तर मी आणखी चौदा मारल्या असत्या. मला कळलंच नसतं कुठं जातायत त्या."

तिनं त्याचा दंड घट्ट धरला. छपराखालून गोळ्यांचे आवाज येत होते, आणि चार नंबरची प्रत्येक गोळी सुटली की वेर्नर मान किंचित तिरकी करायचा.

नोएमीला पंचावन्न गुण पडले. तिच्या वयाला बिल्ल्यासाठी लागतात चोपन्न. ऊर्सनं तिच्या टोपीला बिल्ला टोचला, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि पोरगी मात्र सुतकी चेहऱ्यानं टेबलाशी येऊन बसली. तोवर बेआतही खंदकातून वर आला होता. मातीनं भरलेला, डोळे खाली, आईची नजर चुकवत. रेगुलानं सगळ्यांपुढे ताटल्या मांडल्या.

"चारऐवजी एकच धरला असता तर बावन्नच झाले असते," नोएमी म्हणाली आणि टोपी टेबलावर ठेवली. "मला हा नको. हा आजोबांचा आहे. चौकटीत शेवटचा गाळा रिकामा आहे, तिथं लावू या."

"अजिबात नाही," वेर्नर म्हणाला. "दात पडला तिथं खोटा दात बसवणारा मी नाही. गाळा रिकामाच राहील. एकोणसाठ झाले, साठाव्याला डोळे गेले, हे खरं आहे ना? मग खरं तेच भिंतीवर राहू दे. आणि नियमाचं म्हणशील तर साठ वर्षांत मी नियमाबाहेर एक गुण घेतला नाही आणि नियमानं मिळालेला एक सोडला नाही. तूही सोडायचा नाहीस."

"पण तीन गुण तुझे आहेत!"

"बरं, मग वाटणी करू. बावन्न तुझे, तीन माझे. बिल्ला तू घाल. मागची टाचणी माझी."

नोएमी हसली, मग पुन्हा रडली, मग टोपी डोक्यावर ठेवून तिनं सॉसेजचा मोठा तुकडा तोंडात कोंबला. पंधराव्या वर्षी भूक दुःखाची वाट बघत नाही.

"माझी शेवटची गोळी," वेर्नर पावाचा तुकडा मोडत म्हणाला, "चारची होती. ऐकलं ना सगळ्यांनी? पत्ता चुकला, पण घरातच गेली."

"बाबा, मी..." बेआतनं सुरुवात केली.

"तू झेंडा बरोबर हलवलास," बाप म्हणाला. "गप जेव."

बेआत मान खाली घालून जेवू लागला. बेथलीनं मुलाकडे एक नजर टाकली. त्यात घरी गेल्यावर तुझी हजेरी घेते असं होतं, आणि त्याच्या ताटलीत तिनं सगळ्यांत मोठा बटाटा वाढला.

मग ती नवऱ्याच्या समोर बसली. वेर्नरनं मान वर केली आणि तिच्या डाव्या कानाकडे बघायला लागला. आज सकाळपर्यंत या बघण्यानं तिचं काळीज पोखरलं होतं. आता तिनं केसांची बट कानामागे सारली, झुमका सरळ केला आणि अजिबात हलली नाही. बघू दे त्याला. हवा तेवढा वेळ बघू दे.

टेबलाखाली तिच्या बुटाला काहीतरी लागलं. वेर्नर बुटाच्या टोकानं तिच्या टाचेवर सावकाश ठोके देत होता. एक. दोन. तीन. ती थांबून राहिली.

मग चौथा पडला.